कवितांच्या मध्ये सोडलेली जागा

आखातात, रिग्गईतल्या त्या इमारतीत खाली कासमचा बकाला आणि वर तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. बकाला म्हणजे आपलं किराणाचं दुकान हो, खुब्जच्या रोट्या, दही, फोनची कार्डं, सगळं मिळायचं तिथे. वर कासमची बायको हुस्ना, मूळची बाणकोटची. दुपारची भांडी आवरली की ही बाई स्पॅनिश कविता मराठीत आणायची. हसू नका, खरं तेच सांगतोय.

स्पेनहून फरश्या मागवणाऱ्या एका ऑफिसात ती पंधरा वर्षं होती. बिलं वाचता वाचता भाषा शिकली, मॅनेजरच्या बायकोशी गप्पा मारून जीभ वळवून घेतली, आणि मग जे वेड लागलं ते लागलंच. त्यातून उरुग्वेचा कवी अनसेल्मो रिबास तिच्या हाती लागला. केवढा मोठा माणूस! तिकडच्या शाळकरी पोरांना त्याच्या ओळी पाठ. आता वय एक्क्याण्णव, डोळे गेलेले. वीस वर्षं गप्प राहिलेल्या म्हाताऱ्याने पुन्हा कविता सांगायला घेतल्या होत्या. तीस सांगेन म्हणाला होता, आणि कोल्हापूरच्या एका प्रकाशकाने त्या मराठीत आणायचं काम हुस्नाला दिलं होतं. पुस्तकावर तिचं नाव येणार होतं. बाई खूष होती, आणि ते लपवतही नव्हती.

म्हाताऱ्याची एक रीत होती. कविता तो मुलीला, इनेसला, तोंडी सांगायचा. इनेस ती फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. हुस्नाने मराठी केलं की ते मोठ्याने वाचायचं आणि तो आवाज परत धाडायचा. मराठीचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो ऐकायचा, श्वास कुठे थांबतो ते बघायचा, आणि पसंत पडलं तर टेबलावर दोनदा टकटक करायचा. मगच पुढची कविता. हुस्ना असरची नमाज पढून चारला वाचायला बसे, तेव्हा तिकडे सकाळचे दहा.

तिचा स्वतःचाही एक नेम होता. पदरचा एक शब्द घालायचा नाही. दुसऱ्याच्या ताटात आपलं मीठ कशाला?

सव्वीस कविता अशा सुरळीत झाल्या. सत्ताविसावी तिने एका रविवारी वाचून पाठवली, तर इनेसचं उत्तर आलं, "ही कुठली? बाबांनी सत्ताविसावी अजून सांगितलीच नाही."

हुस्नाने फोन पालथा घातला. खरंच, सत्ताविसावीचं रेकॉर्डिंग नव्हतं. पण तिने तर ते ऐकलं होतं! तिसऱ्या ओळीनंतर म्हातारा खोकला होता, तेसुद्धा तिला आठवत होतं. वहीत खाडाखोड होती, एका शब्दासाठी चार शब्द खोडून पाचवा लिहिलेला.

"सपनात ऐकलंस गो तू," कासम म्हणाला. "तुझा म्हातारा आता सपनातपण यायला लागला. मी काय समजायचा?"

ती हसली. पण चौथ्या दिवशी सत्ताविसावी आली. ओळ न् ओळ तीच. तिसऱ्या ओळीनंतर खोकला.

इनेसने तो मराठी आवाज बापाला ऐकवला असेल, आणखी काय! हुस्नाने विचारलं. इनेस म्हणाली, आईची शपथ, ऐकवला नाही. आणि ऐकवला असता तरी त्याला काय कळणार होतं?

अठ्ठाविसावीच्या वेळी हुस्नाने शहाणपणा केला. आधी जे सुचलं ते लिहून पाकिटात बंद केलं आणि कासमला गल्ल्यात ठेवायला दिलं. कविता आल्यावर दोघांनी पाकीट फोडलं. तिने एकेक ओळ अर्थासकट सांगितली आणि कासम कागदावर बोट फिरवत गेला. बोट कुठे अडलंच नाही. एकोणतिसावीचंही तेच झालं.

"अल्लाची करणी," कासम म्हणाला. "काम होतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?"

पण हुस्नाला झोप येईना. कविता आधी तिच्याकडे येत होत्या, मग त्याच्याकडे. म्हणजे त्या होत्या कोणाच्या? आपणच रचतोय आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर खपवतोय, असं तिला वाटायला लागलं.

तिसावी तिच्या मनात आली तेव्हा ती झुबैदी साफ करत होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. तसेच हात धुऊन तिने कविता लिहून काढली आणि वही बंद केली. वाचायची नाही. त्याची असेल तर त्याच्या तोंडून येऊ दे.

आठवडा गेला. मग इनेसचा फोन आला. बाबा हॉस्पिटलात आहेत. बोलत नाहीत, जेवत नाहीत. "रोज दहा वाजता खाटेच्या कठड्यावर हात ठेवून वाट बघतात. सेन्योरा, सत्ताविसावीसारखी तिसावीही तुमच्याकडे आधी आली असेल ना? वाचत का नाही?"

हुस्नाने सगळं सांगून टाकलं. "ती माझी असेल तर? त्यांच्या नावावर माझी कविता जाईल. हे पाप मी नाही करणार."

इनेस रडायला लागली. हुस्नाही रडली.

शुक्रवारी कासम तिला दस्मानला समुद्रावर घेऊन गेला.

"म्हातारा तहानलेला हाय गो," तो म्हणाला. "पाणी विहिरीचं का नळाचं, ते मागनं बघ. आधी दे."

त्याच दिवशी चारला तिने तिसावी वाचली. इनेसने नंतर सांगितलं, बाबांनी कठड्यावर दोनदा टकटक केली, हसले, आणि संध्याकाळी ती कविता अख्खी स्पॅनिशमध्ये सांगितली. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

समाधानाने गेले, हे ऐकून हुस्नाला बरं वाटलं. पण तिने प्रकाशकाला कळवलं, पुस्तक छापू नका. का ते सांगितलं नाही. काय सांगणार होती? तिचं नाव छापलेलं पुस्तक कासम गल्ल्याशेजारी ठेवणार होता, त्या जागी त्याने पुन्हा फोनची कार्डं मांडली.

दोन महिन्यांनी इनेसने बापाचं कपाट आवरलं. त्यात एक कॅसेट निघाली, वर त्याच्याच अक्षरात साल लिहिलेलं, एकोणीसशे एकोणऐंशी. इनेसने ती फोनवर उतरवून पाठवली. हुस्नाचा जन्म एक्क्याऐंशीचा.

तीच पहिली कविता. मग दुसरी. आवाज मात्र पंचेचाळिशीतल्या माणसाचा, भरदार. क्रमाने सगळ्या होत्या. हुस्नाचा जीव भांड्यात पडला. त्याच्याच होत्या की! ती जन्मायच्या आधीपासून त्याच्या. ती उठून चक्क नाचली आणि कासमला खालून हाका मारून वर बोलावलं.

फक्त एक होतं. प्रत्येक कवितेनंतर टेपवर मोकळी जागा होती. तिथे कोणी बोलत नव्हतं, पण माणसाचा श्वास ऐकू येत होता. कोणी वाचून दाखवत असावं आणि आपण कान देऊन ऐकावं, तसा.

"अनुवादासाठी सोडली असेल," ती म्हणाली. "शिस्तीचा माणूस."

गंमत म्हणून तिने वही काढली आणि पहिल्या जागेत आपलं मराठी वाचलं. ती थांबली आणि दुसरी कविता सुरू झाली. दुसऱ्या जागेत दुसरी वाचली. तीही बसली. एकही जागा कमी पडली नाही, एकही उरली नाही.

दहाव्या कवितेशी तिला एकदा ठसका लागला आणि ओळ पुन्हा घ्यावी लागली. टेप तेवढी थांबली.

कासम दारात उभा होता. "बंद कर गो."

"थांबा ना. संपतच आलंय."

तिसावी वाचून झाली. तिने वही मिटली.

टेप चालूच होती. कविता आली नाही. नुसती मोकळी जागा आली आणि तो श्वास.

हुस्नाचे ओठ हलले. हातात कागद नव्हता. बाणकोटची खाडी आली, पहाटेची तरीची होडी आली, पलीकडच्या काठावरून हाक मारणारी तिची आई आली. कुठेही न अडखळता ओळी येत राहिल्या. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. शेवटचा शब्द झाला.

टेपमधल्या माणसाने दम घेतला.

"सुरेख," तो आपल्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "ही मात्र तुमची, हुस्नाबाई."