हत्ती नदीपलीकडे

बांद्याच्या बाजारात गौरजा केळी निवडत होती, तेवढ्यात पाठीमागून तो आवाज आला. दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालणारा, जरा बसका... गेले काही महिने रोज फोनवर ऐकलेला. ती वळली.

"समर्थ?"

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या केळ्यांच्या फणीकडे. "गौरजा मा तू? घे, घे. आमचीच आसत. हत्तीन सोडलेली."

दोडामार्गाकडचे लोक हत्तींचे व्हिडिओ पाठवत आणि प्राणिशास्त्र शिकलेली गौरजा घरबसल्या हत्तींच्या वावराचा नकाशा करी. समर्थचे निरोप सर्वांत नेमके असत. हत्तींवरून सुरू झालेलं बोलणं हत्तींपाशी थांबलं नव्हतं.

त्या दिवशी चहा झाला. मग दर रविवारी होऊ लागला. एका रविवारी त्याने लग्नाचं विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. तो हसला नाही.

"आमच्या बागेत हत्ती येतत. एकदा येऊन बघ, मगे सांग."

"शेकडो व्हिडिओ पाहिलेत मी."

"व्हिडिओ बंद करूक येता गो."

ती टाळत राहिली. कधी काम, कधी पाऊस, कधी जळवा. खरं तर तिथे गेल्यावर आपला होकार टिकेल का, याचीच तिला धास्ती होती. शेवटी नकाशात हत्ती नदीपलीकडे दिसला, त्या दिवशी ती निघाली.

ऊन कलताना मांगरात, बागेतल्या कुडाच्या खोपीत, समर्थच्या आईने, सुगंधाकाकूंनी चहा दिला. बाहेर केळीचा बुंधा कडकडला. मग दुसरा. समर्थने कप अलगद खाली ठेवला.

"तो... तो नदीपलीकडे आहे," गौरजा कुजबुजली. फोनला रेंज नव्हती. कुणीतरी कालचा व्हिडिओ आज पाठवला होता, आणि तिने तो तसाच नकाशावर चढवला होता.

कुडाच्या फटींतला उजेड गेला. भिंतीला लागून श्वास चालला होता — जड, ओला, चिखलाच्या वासाचा. त्याखालची घरघर कानांपेक्षा बरगड्यांतच जास्त जाणवत होती. कुठल्याच व्हिडिओत ती नव्हती. काकूंनी हात जोडले. "बाप्पा, फुडे जा रे. पोरां आसत घरात."

समर्थने तिचा हात धरला. त्याचा तळवा घामाने भिजला होता, थरथरत होता. फोनवर तो नेहमी हसत बोलायचा.

बऱ्याच वेळाने उजेड परत आला. काकू देवाला दिवा लावायला उठल्या. समर्थ तिच्याकडे पाहत नव्हता.

"चल, बांद्याक सोडतंय तुका," तो म्हणाला. विचारायचं होतं ते त्याने विचारलंच नाही. मघाशी हत्तीला भ्याला नसेल, एवढा तो आता तिच्या उत्तराला भीत होता.

गौरजा उठली नाही.

"माका भय वाटता," ती पहिल्यांदाच त्याच्या बोलीत म्हणाली. "उद्या पण वाटतला. पण तुझो हात असो कापता... ह्या माका थंय घरात बसून कधी कळलांच नसता."

तिने तो हात सोडला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "आता बघून सांगतंय."