क्रिस्पुलोची जीपनी तिसऱ्या दिवशी का मरते

८.४ व्होल्ट

"मेली. पुन्हा मेली," नेनेथ म्हणाली. "आणि बाराला गिऱ्हाईक येतंय."

जीपनी, म्हणजे प्रवासी नेणारी जीपगाडी, तिच्या वडिलांची, क्रिस्पुलोची. ते जाऊन अडतीस दिवस झाले होते. नेनेथला ती चालवायची होती. थोरला भाऊ जोनेल म्हणत होता, दोन दिवस उभी राहिली की मरते, असली गाडी विकून टाका. बारापर्यंत कारण सापडलं तर राहील, नाहीतर जाईल.

म्हणून पर्पिंगला बोलावलं होतं. गावात काही हरवलं, बिघडलं, पळालं, की तिलाच बोलवत. सोबत तिबो, निवृत्त हवालदार. त्याने मनात जोनेलला बेड्या घातल्याही होत्या.

१४.१ व्होल्ट

शेजाऱ्याच्या गाडीला वायरी जोडून इंजिन चालू केलं.

"चार्जिंग ठीक," पर्पिंग म्हणाली. "पट्टा घट्ट, टोकं स्वच्छ, बॅटरी नवी. जोनेल, तू एखादी वायर सोडतोस का रे?"

"मला गाडीच्या पैशातून होडीला इंजिन हवंय, पर्पिंग मानांग. खोटं कशाला बोलू? पण बापाच्या, तातायच्या गाडीला हात? मला त्या सीटवर बसवतही नाही."

"चोर असंच बोलतो," तिबो पुटपुटला.

नेनेथची आई, म्हातारी युस्ताकिया, दारात शाळेचे गणवेश बेतत होती. दातेरी कात्रीने कापडाची कड नागमोडी सुटत होती.

"वहिनी, संध्याकाळी गाडीवर ताडपत्री कोण घालतं?"

"मीच. दव पडतं ना."

"आणि गाडीतल्या बाळ येशूला हार?"

"मीच. रोज ताजा."

"बॅटरी उतरवून दुकानात नेऊ?"

"नको!" कात्री खाली पडली. "म्हणजे... जड असते गं."

तिच्या मागे कॅलेंडरवर अडतीस फुल्या होत्या. दोन चौकोन पुढे लाल पेन्सिलीचं वर्तुळ.

०.८ अँपिअर

इंजिन बंद. किल्ली बाहेर. दिवे, रेडिओ बंद. तरी मीटर ०.८ दाखवत होता. पर्पिंगने एकेक फ्यूज उपसला. आकडा हलेना.

"फ्यूज सगळे बाहेर, तरी कोणीतरी पितंय," ती म्हणाली. "म्हणजे वायर थेट बॅटरीवरून गेलीय. तिबो, ही चिकटपट्टी बघ."

"काळी आहे."

"कड बघ रे बाबा!"

कड नागमोडी होती.

वायर समोरच्या काचेखालच्या बाळ येशूच्या मूर्तीपर्यंत गेली होती. मोगऱ्याचा हार समोरून पांढरा, पाठीकडून करपलेला. पर्पिंगने मूर्तीचा लाल झगा अलगद उचलला. आत एक लहानसा दिवा जळत होता.

"दिवसा झग्याआड, रात्री ताडपत्रीखाली, म्हणून कोणाला दिसला नाही," ती म्हणाली. "गाडी धावते तेव्हा बॅटरी भरते. दोन दिवस उभी राहिली की हा एवढासा दिवा ती पिऊन टाकतो. पट्टी दातेरी कात्रीने कापलेली. बॅटरी उतरवली तर दिवा विझेल, म्हणून 'नको'. बाकी कॅलेंडर सांगतंय. हो ना वहिनी?"

युस्ताकियाने खांद्यावर उगाच हात फिरवला.

"चाळीस दिवस जीव घराभोवती असतो. दिवा विझू द्यायचा नसतो. घरात लावला असता, पण हा घरात कधी होता? पहाटे चारला उठून आधी गाडीत बसायचा. अंधारात ठेचकाळला असता." मग हळूच, "मधे विझला का गं, पर्पिंग?"

"आठ पॉइंट चार होते. तेवढ्यावर मिणमिणतो, वहिनी. विझत नाही."

नेनेथचा हात वायरीकडे गेला आणि मागे आला. दोन दिवस उरले होते.

जोनेल तिथे नव्हता.

"पळाला!" तिबो ओरडला.

१२.६ व्होल्ट

जोनेल आला तो होडीची बॅटरी खांद्यावर घेऊन. मासे ओढणाऱ्या दिव्यांची ती.

"दोन दिवस पुरेल. तोवर मी समुद्रावर जात नाही." मग बहिणीकडे न बघता, "गिऱ्हाईकाला सांग, गाडी चालू आहे, विकायची नाही."

दिव्यापर्यंत पोचायला त्याला पुढे चढावं लागलं. क्षणभर घुटमळून तो बापाच्या सीटवर बसला.

"आधी नवी जोड," म्हातारी गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "मग जुनी सोड. मधे अंधार नको."

तिबोने दोन्ही हातांनी झगा वर धरला. दिवा क्षणभरही विझला नाही.