चुकून पडलेला ठोका

नेहमीचा रेकॉर्डिस्ट पाय मोडून घेतो काय, आणि त्याच्या जागी तिला बोलावणं येतं काय! पहिल्याच सकाळी स्टुडिओच्या दारात तिची टक्कर झाली ती एका भल्यामोठ्या पितळी झांजेशी. झांजेमागून जमैकाचं रेगे संगीत वाजवणाऱ्या बँडचा ड्रमर डोकावला. “लागलं?” त्यानं इतक्या हळुवार विचारलं की ती पार विरघळली. आणि त्यानंतर महिनाभर त्या घुम्यानं कामापुरतंच बोलावं!

आज अल्बमचं शेवटचं गाणं. काचेपलीकडे बँडचे पाचही जण कानांवर हेडफोन चढवून वाजवत होते. रेगेची गंमत अशी, की ड्रमरनं पहिला ठोका मोकळा सोडायचा. ऐकणाऱ्याचा जीव तिथे टांगणीला लागतो. आणि तो मोकळा सोडावा तर यानंच...

तेवढ्यात ताईचा फोन आला. रेकॉर्डिंग चालू असताना फोन घ्यायचा नसतो. पण ताईला नाही कोण म्हणणार?

“हो गं, घेतली ती लांबची नोकरी. उद्या निघते. थांबू कुणासाठी? त्या ड्रमरसाठी? अगं, जीव जडलाय माझा त्याच्यावर, आणि त्या दगडाला पत्ताच नाही!”

धाड!

पहिल्या ठोक्यावर. जिथे काहीच वाजायचं नाही, नेमकं तिथे.

ती दचकली. गाणं थांबलं होतं. बास गिटारवाला आ वासून तिच्याकडे बघत होता, गायिकेनं तोंडावर हात दाबला होता. तिनं खाली पाहिलं — आणि पायाखालची जमीनच सरकली. वादकांशी बोलायचं बटण तिच्या कोपराखाली दबलेलं. पाचही हेडफोनांत तिचा आवाज!

“आई गं!” तेही गेलं सगळ्यांच्या कानांत.

आता तोंड कुठे लपवायचं? ती पर्स उचलून पळणार, तोच दार ढकलून ड्रमर समोर उभा. काठ्या हातातच, चेहरा पांढराफटक.

“मला वाटलं... झांज लागली म्हणून तुम्ही रागावलात.”

“महिनाभर?”

“विचारायचा धीर झाला नाही.”

“आता काय उपयोग? होकार कळवलाय मी. उद्या जायचंय.” तिचे डोळे भरून आले.

तो काठ्या मागच्या खिशात खोचू लागला. निघालाच की! संपलं सगळं, तिला वाटलं.

“ड्रम काय,” तो म्हणाला, “कुठेही मांडता येतात. येऊ?”

“आणि आम्ही?” उघड्या दारातून बासवाला ओरडला. त्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. सगळ्यांदेखत तिनं ड्रमरचा हात घट्ट धरला.

“आधी गाणं पुरं कर,” ती म्हणाली. “मग सामान बांधायला चल.”