इंद्रजितचा आकडा

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर राहू द्या. बुवा उभे राहायला वेळ आहे, तोवर नांदे गावातल्या एका चोरीची गोष्ट सांगतो. चोर ओळखू येतो का बघा.

साल २००४. भल्या सकाळी गावचे पोलीस पाटील कुशाबा यांना कोंडिबाचा निरोप आला, असाल तसे या.

कोंडिबाच्या देव्हाऱ्याशेजारी त्याच्या लेकाचा, इंद्रजितचा, हार घातलेला फोटो. पुढ्यात त्याचा हातात धरून खेळायचा गेम, विटा रचायचा, जत्रेत मिळतो तसला. पोरगा ताम्हिणीच्या घाटात गाडीवरून पडून गेला; त्यानं केलेला सर्वांत मोठा आकडा गेममध्ये राहिला. कोंडिबा रोज दिवा लावायचा, आकडा बघायचा, गेम बंद करायचा.

आज तिथं शून्य होतं.

"भाडेकरूनं पुसला," कोंडिबा म्हणाला. "रविवारी त्याच्या हातात बगितलाय म्या. आजच्या आज खोली खाली करू दे."

दारात मनीष उभा होता. अकोल्याचा, हिंजवडीत नोकरीला. मागं त्याची बायको जान्हवी, दिवस भरत आलेली.

"खेळलास?" कुशाबांनी विचारलं.

"एकच डाव, काका. काकूंनीच दिला. आकडा मोडू नये म्हणून मुद्दाम हरलो."

"लई शाना," कोंडिबा पुटपुटला.

"रविवारनंतर आकडा होता का, कोंडिबा?"

"कालपत्तुर व्हता की. पुसट दिसायचा, पर व्हता."

कुशाबांनी गेम चालू केला. शून्यच, पण काळंभोर, ठसठशीत. त्यांची नजर फळीवरच्या रेडिओकडे गेली, मग चुलीपुढं बसलेल्या कोंडिबाच्या बायकोकडे.

"तुळजाबाई, आज कीर्तन न्हाई लावलं? येता-जाता तुमच्या दारात ऐकतो मी."

"खरखरतोय त्यो." तुळजाबाईंनी चुलीवरून मान वर केली नाही.

"परवाच माझ्यादेखत दुकानात नवे सेल घेतलेत की."

कुशाबांनी रेडिओ उघडला. आत जुने, पाझरलेले सेल. गेम उघडला. आत नवे कोरे.

"कोंडिबा, वैरी कुणी नवे सेल घालील का? ह्या यंत्राची आठवण सेलवर जगते. काढले की गेली. आकडा पुसट व्हायला लागला, म्हणून हिनं आपल्या कीर्तनाचे सेल लेकाला दिले. समईत तेल घालावं, तसे."

"विझंल वाटलं मला," तुळजाबाई म्हणाल्या. "आन मग तुमास्नी सांगायची छाती झाली न्हाई. ही पोर अवघडलेली, तिला बाहेर काढताना बी मी गप बसले."

कोंडिबानं फोटोवरचा हार सारखा केला. मग मनीषला म्हणाला, "ऱ्हावा हितंच. पर किती व्हता रं त्यो आकडा? इंग्रजी मला वाचता येत न्हाई. मी आपला नुसता बगायचो."

"सदतीस हजार चारशे, काका."

"परत सांग."

मनीषनं परत सांगितला.

बुवा आले, टाळ उचला. पण गजर करताना त्या पोराची आठवण ठेवा, मंडळी. इंद्रजित. सदतीस हजार चारशे.