दिवसपाळीची ऊब

पहाटेची घंटा झाली की गिरणीच्या पुलावर दोन पाळ्या एकमेकींत मिसळत. रात्रभर सूत कातून आलेल्या आम्ही घराकडे, नुकतं तोंड धुतलेल्या त्या गिरणीकडे. त्या गर्दीत माझ्या अंथरुणाची दुसरी धनीण कोणती, हे मला कधीच कळलं नाही.

घरमालकीण हॅलमबाईच्या माळ्यावर एकच पलंग होता. रात्री दिवसपाळीवालीचा, दिवसा माझा. इंग्लंडातल्या डर्वेंट नदीच्या खोऱ्यात घरोघरी तसंच. पलंग म्हणून गार व्हायचा नाही. मी यायची तेव्हा पेंढ्याच्या गादीत तिच्या अंगाचा खळगा असायचा, कोमट. उशीवर एखादा तांबूस केस, केसाला कापसाचे तंतू. गुडघे पोटाशी घेऊन मी त्या खळग्यात शिरायची. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी एवढंही राखून ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी निघताना उशीखाली मी अर्धी ओटची भाकर ठेवायची. पहाटे तिथे गाठ मारलेला सुताचा तुकडा सापडायचा. तेवढंच आमचं बोलणं. गिरणीच्या घरघरीत, कुणाला ऐकू जाणार नाही असं, मी गुणगुणायची:

जाताना गं सये, ऊब ठेव अंथरुणी
रात माझी गिरणीत, दिस तुझ्या पांघरुणी

त्या उन्हाळ्यात नदी आटली. दिवसभर बंधाऱ्यात पाणी साठवायचं आणि तेवढ्यावर रात्री गिरणीचं पाणचाक फिरवायचं, असं ठरलं. दिवसपाळी बंद झाली. पहाटे पुलावर आमचीच पावलं वाजू लागली. पलंग मात्र कोमटच होता. ती राहिली, गेली नाही, या आनंदात मी अर्ध्याहून मोठा तुकडा ठेवू लागले.

एका पहाटे हॅलमबाई जिन्यातच उभी, कमरेवर हात.

"काय गं डॉर्कस, धर्मशाळा वाटली का तुला? रात्री कुणाला आणून निजवतेस? आत्ता हात लावून आले, गादी गरम आहे."

"दिवसपाळीवाली आहे ना, बाई."

"थर्झा?" तिचे हात कमरेवरून खाली आले. "अगं, पाळी बंद झाली तशी गाडीवानाबरोबर धाडली तिला. छातीत कापूस बसला होता. गाव दिसायच्या आत गेली पोर. बापाचा निरोप आला मला."

मी जिन्यातूनच वर माळ्याच्या दाराकडे पाहिलं.

"माझ्याशी लबाडी करत असशील तर उद्या कळेलच."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिनं माळ्याला कुलूप घातलं आणि किल्ली पोलक्यात खोचली.

पहाटे आम्ही दोघी वर चढलो. कुलूप तसंच होतं. माळ्याला खिडकी नव्हतीच. हॅलमबाईनं खळग्यात हात घातला आणि लगेच मागे घेतला.

उशीखाली भाकर नव्हती. सूत होतं, गाठ मारलेलं.

"खाली चल," ती हळू आवाजात म्हणाली. "चुलीपाशी नीज. रोज तिथेच नीज." तिनं माझा हात धरला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, किती गार पडलीस गं!"

खाली चूल होती. तिची मुलं, त्यांची भांडणं, हसणं. त्या सगळ्यांत मी एका कोपऱ्यात.

"आजचा दिवस इथेच निजते, बाई."

ती दार उघडं टाकून उतरली.

मी पडले. मग थोडी सरकले, तिच्यापुरती जागा केली. पाठीला ऊब लागली आणि डोळा मिटला.

संध्याकाळच्या घंटेला खोकतच उठले. तोंडात सुताची चव. अंथरूण सारखं करायला हात फिरवला. दिवसभर जिथे मी निजले होते, तिथे गादी दगडासारखी गार होती.

पलीकडची बाजू आता कोमट नव्हती. कढत होती.

मला भूक नव्हती. अख्खी भाकर उशीखाली ठेवली आणि जिना उतरले.