घूस, शेकाट्या आणि चढतं पाणी

“घुशीचंच काम! शेकाट्या पक्ष्याची दोन अंडी फस्त केली, उरलेली दोनही खाणार. संध्याकाळी तिच्या बिळात विषाच्या गोळ्या!” मामाने निकाल देऊन टाकला.

मामा मासे वाढवायच्या तळ्यावर राखणदार होता. सुट्टीत आलेली त्याची भाचरं, टिकली आणि दादा, दिवसभर तिथेच पडीक असायची. “नको ना, मामा!” टिकली ओरडली. बांधातल्या त्या बिळात घुशीची इवलीशी पिल्लं होती, तिने स्वतः पाहिली होती!

“तुझी घूस म्हणजे चालतं बोचकं!” दादाने चिडवलं. “शेकाट्या बघ! लाल लाल उंच पाय, काय ती पाण्यातली ऐट! दोघांत एक तरी गोष्ट सारखी आहे का?”

टिकली फुरंगटून बांधावर जाऊन बसली. बघते तर काय! भर दुपारी घूस बाहेर! तोंडात पिल्लू धरून ती बांधावर वर वर निघाली होती. एक ठेवलं की दुसऱ्यासाठी धावायची. तिकडे चिखलातल्या घरट्यात शेकाट्याची मादी चोचीने काटक्या ओढून अंड्यांखाली सरकवत घरटं उंच करत होती.

“दादा, ये लवकर! सापडली सारखी गोष्ट! दोघी आपापलं बिऱ्हाड वर का नेताहेत?”

दादाने डोकं खाजवलं आणि एकदम ओरडला, “अगं, पाणी चढतंय!”

दोघं धूम पळाली. तळ्यात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह सताड उघडा, आणि शेजारच्या खोलीत मामा तोंडावर पेपर घेऊन घोरतोय! दोघांनी जोर लावून चाक फिरवलं आणि पाणी बंद केलं. मग टिकली पाणी बाहेर पडतं त्या जाळीपाशी गेली. गाळात दोन अंडी अडकली होती. अख्खी!

तिने ती नेऊन मामासमोर धरली. “घुशीने खाल्ली असती तर अशी राहिली असती का रे? ही वाहून गेली, मामा!”

मामाची झोपच उडाली. “रोज पाच मिनिटं म्हणून आडवा होतो गं... आणि आळ घातला त्या बिचारीवर!” तो उठून बसला. “ही दोन काही आता उबायची नाहीत. पण उरलेली दोन तुम्ही वाचवलीत, आणि घुशीची पिल्लंही. शाब्बास रे पोरांनो!”

गोळ्यांची पुडी त्याने कपाटात कुलपात टाकली आणि व्हॉल्व्हपाशी स्टूल मांडून बसला. तेवढ्यात घूस शेवटचं पिल्लू घेऊन आली आणि त्याला बघून थबकली.

मामाने हळूच दोन्ही पाय वर घेतले आणि तिला वाट दिली.