शेवटचा फर्मा

डच क्रियापदांचे काळ शिकवणारं तिचं जुनं पुस्तक बसमधून उतरतानाच सुटलं आणि भूतकाळाची अर्धी पानं फुटपाथवर पसरली. समोरच्या दुकानातला बाइंडर हाताची खळ पुसत धावला. पानं गोळा करता करता त्याने एक वाक्य मोठ्याने वाचलं... अगदी सफाईने.

"तुम्हाला येतं हे?" तिने विचारलं.

"चार वर्षं तिकडच्या छापखान्यात होतो. ठेवून जा, शिवून देतो."

"महिन्यावर परीक्षा आहे हो. मी नर्स आहे, तिकडे नोकरी मिळतेय. पण भूतकाळ आला की माझी बोबडी वळते."

"मग ड्युटी संपली की या रोज. एक फर्मा शिवायचा, तेवढाच शिकायचा."

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. त्याची सुई चाले आणि ती बाकावर बसून दिवसभराचं डचमध्ये सांगे – पेशंटला उठवलं, इंजेक्शन दिलं, जेवायचं राहिलं. ती चुकली की तो मान वर न करता नुसता थांबे. त्या थांबण्याची तिला सवय झाली, नको तेवढी.

"पुस्तक शिवतोय की नवं छापतोय तो?" आईने एकदा विचारलंच. ती क्रियापदं घोकत बसली. पास झाली तर दोन वर्षं तिकडे जायचं होतं.

परीक्षेला चार दिवस उरले, तरी शेवटचा फर्मा सुटाच. तिने तो उचलून उजेडात धरला. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं होती, एकात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

"हा शिवून झाला होता."

त्याने सुई खाली ठेवली. "परवा. मग उसवला."

"अहो, परीक्षा तोंडावर आलीय माझी—"

"तुम्ही पास होणार. परवा एकदाही थांबावं लागलं नाही मला... म्हणूनच उसवला. पुस्तक झालं की तुम्ही यायच्या नाहीत. चुकलं माझं."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"जायलाच हवं. राहा म्हणालो तर माझीच मला लाज वाटेल. पण तुम्ही मला आवडता. हे पोटात ठेवून हात चालेना."

त्याने दोरा घेतला, पण तो काही केल्या सुईत जाईना. तिने सुई काढून घेतली आणि दोरा ओवून दिला.

"घट्ट शिवा. दोन वर्षं वापरायचंय. फाटलं तरी तिकडे कुणाच्या हाती देणार नाही मी... इथेच आणीन. दुकान हलवू नका."

"नाही हलवत."

त्याने शिवायला घेतलं. या वेळी मुद्दाम हळू असा एकही टाका त्याने घातला नाही, आणि ती बाक जवळ ओढून बसली.